शहाण्णव ठोके

"नशीबवान माणूस. एवढा मोठा अटॅक आला, पण छातीत दुखलं म्हणून नाही."

स्वयंपाकघरात खाली बसून कांदा चिरणाऱ्या दोन बायकांपैकी एक दुसरीला सांगत होती. दोघी आमच्या विहाराच्या महिला मंडळातल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून ओट्यापाशी चहाचे कप पुसत होते. दुसरी म्हणाली, "आमच्या सासऱ्यांना केवढा त्रास झालेला. तीन दिवस विव्हळत होते. यांचं बरं झालं." मग तिने विळी पुढे ओढली आणि बोलणं शंभर माणसांना मीठ किती लागेल यावर गेलं.

तो आजोबांच्या पुण्यानुमोदनाचा दिवस होता. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पांढरा मंडप घातला होता. आमच्यात अशा दिवशी वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं की एकेक माणूस माइकवर येऊन गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो. त्या यादीत आत्याने माझं नाव घातलं होतं, मला न विचारता. "शिकलेली नात आहे, नाही बोलली तर लोक काय म्हणतील," एवढंच तिने आईला सांगितलं, तेही मला ऐकू जाईल अशा बेताने.

सकाळपासून ते 'नशीबवान' मी चौथ्यांदा ऐकत होते. आजोबांना का दुखलं नाही ते त्या घरात एकटीला मला माहीत होतं. त्यांच्या मरणाच्या पाच महिने आधीपासून माहीत होतं. ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि आता वर गच्चीवर शंभर माणसांसमोर मला त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं होतं.

आजोबा ठाण्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. त्याआधी बरीच वर्षं त्याच कारखान्यात झाडलोट आणि हमालीचं काम करायचे. त्या काळात बोर्डावर इंग्रजीत नोटीस लागली की ऑफिसातल्या बाबूला विचारायला जावं लागे. बाबू म्हणायचा, आधी चहा सांग, मग वाचतो. चहा पिऊन झाला की तो नोटीस मोठ्याने वाचायचा, आणि मधलं एखादं वाक्य गाळायचा. गाळलेलं वाक्य नेमकं कामगारांच्या फायद्याचं असायचं. हे आजोबांना फार उशिरा कळलं. पुढे ते स्वतःच्या हिकमतीने आकडे आणि थोडी इंग्रजी अक्षरं शिकले, कामगारांच्या हजेरीच्या कार्डांच्या कामावर लागले, भोंगा त्यांच्या घड्याळावर वाजू लागला. पण त्या बाबूला ते विसरले नाहीत. ऐंशी सालाच्या आधी, पप्पांचा पगार बेताचा असताना, त्यांनी हट्टाने मला नन्सच्या इंग्लिश मीडियम शाळेत घातलं. "आपल्या घरात आलेला कागद परक्या माणसाने वाचायचा नाही," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की शाळेच्या प्रार्थनेपेक्षा तेच जास्त पाठ आहे.

नऊ वर्षांची झाल्यापासून घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येऊ लागला. विजेचं बिल, पेन्शनची पत्रं, औषधाच्या बाटलीतली घडी घातलेली पातळ चिठ्ठी. त्याचा एक रिवाज ठरून गेला होता. आजोबा खुर्चीत बसत, चष्मा काढून खिशात ठेवत आणि डोळे मिटत. मी समोर उभी राहून आधी सगळं इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. इंग्रजी त्यांना अगदीच कळत नव्हतं असं नाही. शब्द कळत, वाक्य कळत नसे. पण ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मराठी ऐकताना येत नसे.

शाळेत मराठी बोललं की दंड होता. घरी इंग्रजी शब्द तोंडातून गेला की चुलत भावंडं "मडम आली" म्हणायची. मला दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं पडलं. आजोबांना ते दिसत होतं, आणि त्यांचा त्यावर एकच उपाय होता. दर वर्षी जयंतीला ते वस्तीतल्या कार्यक्रमात माझं नाव भाषणासाठी द्यायचे. अकराव्या वर्षी माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी स्टेजच्या मागे, जमखान्यांच्या गुंडाळ्यांमध्ये बसून राहिले, पुढचं नाव येईपर्यंत. ते रागावले नाहीत. पुढच्या वर्षी परत नाव दिलं. मी परत गेले नाही. असं चार-पाच वर्षं चाललं. आत्या म्हणायची, "एवढी फी भरून मुकी पोर तयार केली बाबांनी."

आत्या ठाण्यात वर्तकनगरला राहायची. तिला मूल नव्हतं, नवरा लवकर गेला होता, आणि वडिलांवर तिचा हक्क माझ्या आईपेक्षा मोठा होता. आजोबांच्या जेवणाखाण्यावर डोंबिवलीत आमच्या घरी येऊन नजर ठेवणं हे ती स्वतःचं काम समजत असे.

आजोबांना डायबेटिस मला आठवतं तेव्हापासून होता. लहानपणी माझ्याकडे एक काम असायचं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आजोबांच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर चिमट्याने धरून उकळायचं. निळं राहिलं तर छान. हिरवं झालं तर बरं. पिवळं झालं की आई पोळ्या कमी करायची. विटेचा रंग आला की घरात कुणी कुणाशी बोलत नसे. आजोबा मात्र त्या रंगांना भीत नव्हते. त्यांना भीती होती ती दुखण्याची, आणि दुखत तर कुठेच नव्हतं.

सातवीत असताना एकदा मी त्यांच्या टाचेतून टाचणी काढली. नोटीस बोर्डावर मारतात तसली, पितळी टोपीची. ती चपलेच्या तळातून वर आली होती आणि आजोबा दिवसभर तिच्यावर चालत होते. मोजा काढला तेव्हा रक्त वाळून काळं झालेलं. मला रडू आलं. ते हसले, म्हणाले, "बघ, आजोबांना दुखतच नाही. कारखान्यातलं लोखंड आहे हे." पुढे कितीतरी वर्षं ते ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यात मी रडल्याचा भागही असायचा.

रिटायर झाल्यावर त्यांना कारखान्याकडून मनगटी घड्याळ मिळालं. मोजायला कामगार उरले नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःची नाडी मोजायला घेतली. रोज सकाळी गच्चीवर अर्धा तास चालून ते घरी येत, खुर्चीत बसत, दोन बोटं मनगटावर ठेवत आणि सेकंदकाटा पूर्ण फेरी मारेपर्यंत ओठ हलवत. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहीत, आईने लिहिलेल्या दुधाच्या लिटरांखाली. शहाण्णव. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. शहाण्णव. महिन्यामागून महिने असेच.

कधी ते तळमजल्यावर उतरून तीन जिने चढून येत आणि लगेच मोजत. तरी अठ्ठ्याण्णव. मग पप्पांना बोलावत. पप्पा शिफ्टवरून आलेले, धापा टाकत. त्यांची भरायची एकशे वीस, आणि पाच मिनिटांनी मोजली की ऐंशी. आजोबा मान हलवत म्हणत, "फार खालीवर होतं रे तुझं. मशीनला शिस्त नाही." गच्चीवर येणाऱ्या इतर म्हाताऱ्यांचीही ते नाडी बघायचे, आणि ज्याची जास्त हलेल त्याला दोन शब्द सुनवायचे. कुणी त्यांना म्हटलं नाही की नाडी हलायलाच हवी. कुणाला माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं भोंग्यात एका मिनिटाची चूक न करणाऱ्या माणसाचं हृदयही तसंच चालत असणार, हे सगळ्यांना अगदी पटण्यासारखं होतं. मलाही पटलं होतं.

मग चक्कर सुरू झाली. आमच्या वंदनेत पंचांग प्रणाम असतो, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, तीन वेळा. आजोबा तिसऱ्या प्रणामाला खूप वेळ खालीच राहू लागले. विहारातले लोक म्हणत, श्रद्धा बघा म्हाताऱ्याची. मी त्यांच्या शेजारी असायचे. मला त्यांचे हात दिसायचे. ते तळवे जमिनीवर दाबून धरायचे, उठायची वेळ आली की चुकवता येईल तेवढी चुकवणाऱ्या माणसासारखे. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधार येतो, हे त्यांनी एकदा मला सांगितलं आणि कुणाला सांगू नको म्हणाले.

पण आत्याला दिसलंच. तिचं निदान तयार होतं. चक्कर म्हणजे शुगर लो. तिने पर्समध्ये साखरेची पुडी ठेवायला सुरुवात केली, आणि आजोबा जरा डोलले की चिमूटभर साखर त्यांच्या तोंडात जायची. संध्याकाळी तपासणीत विटेचा रंग यायचा. मग आत्या आईला विचारायची, "वहिनी, तू यांना देतेस तरी काय खायला?"

एका पौर्णिमेला विहारात उठताना आजोबा पडले. दानपेटीचा कोपरा कपाळाला लागला, तीन टाके पडले. तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी ठाण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पप्पांची शिफ्ट होती, म्हणून मी रजा काढून गेले. मी तेव्हा बी.कॉम. होऊन ठाण्यात एका ऑफिसात टायपिस्ट होते. आदल्या दिवशी आम्ही आत्याकडे वर्तकनगरला मुक्काम केला.

डॉक्टर तरुण होते, माझ्याशी इंग्रजीत बोलले. आजोबांना आडवं करून छातीला वायरी लावल्या आणि पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर असा घ्यायला सांगितला. मशीनमधून कागदाची पट्टी येत राहिली. मग झटकन उभं केलं आणि ब्लडप्रेशर मोजलं. ते एवढं खाली आलं होतं की डॉक्टरांनी दोनदा मोजलं. आजोबांना बाहेर बसवून त्यांनी मला पट्टी दाखवली. कंपासपेटीतला डिव्हायडर असतो तसलं दोन टोकांचं काहीतरी घेऊन ते एका ठोक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेत गेले. टोकं प्रत्येक ठिकाणी बरोबर बसत होती.

त्यांनी सांगितलं ते असं होतं. चांगलं हृदय कधीच एकसारखं चालत नाही. श्वास आत घेतला की थोडं पळतं, सोडला की रेंगाळतं. माणूस उठला की ते घाई करून सावरून घेतं. ही कमीजास्त करण्याची आज्ञा नसांमधून येते. वीस-पंचवीस वर्षांच्या साखरेने यांच्या त्या नसा मारल्या आहेत. आधी लगाम घालणारी नस जाते, म्हणून बसल्या जागी शहाण्णव. मग दुसरीही जाते, म्हणून जिना चढला तरी शहाण्णव. यांच्या हृदयाला आता बाहेरचं काही ऐकू येत नाही.

मला टाचणी आठवली. मी सहसा परक्या माणसाला काही सांगत नाही, पण ते सांगितलं. डॉक्टर लिहायचे थांबले. "तेच," ते म्हणाले. "टाचणी टाचेत असो की हृदयात, यांना कळणार नाही." आणि मग त्यांनी पत्र टाइप केलं, फॅमिली डॉक्टरांच्या नावाने, पाकीट न चिकटवता माझ्या हातात दिलं.

घरी पोचेपर्यंत मी ते चार वेळा वाचलं. एक पानाचं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की या रुग्णाला हृदयाचा झटका आला तरी छातीत दुखेलच असं नाही. अचानक घाम, मळमळ, दम किंवा खूप अशक्तपणा वाटला तर दुखत नसलं तरी तो झटकाच समजून ताबडतोब हॉस्पिटलात आणावं. हे घरच्यांना नीट समजावून सांगावं.

संध्याकाळी वाचन झालं. आत्या आमच्याबरोबर आली होती, आई पोळ्या लाटता लाटता दारात येऊन उभी राहिली. आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कपाळावरच्या पट्टीला हात लावून बघितला आणि डोळे मिटले. त्याआधी ते आत्याला सांगत होते, "एवढी मशीनं लावली, काय निघालं? छातीत माझ्या कधी दुखलंय का? दुखलं नाही तर रोग कसला?" तिला पटवत नव्हते, स्वतःलाच पटवत होते. आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता.

मी वाचायला लागले. ठोके जास्त आहेत, ते वाचलं. उठताना प्रेशर उतरतं, ते वाचलं. आधी काठावर बसा, मग उठा, गोळी बदला, पायांची काळजी घ्या. मग ती ओळ आली. तिच्यात पेन, म्हणजे दुखणं, हा इंग्रजी शब्द होता, आणि तो त्यांना कळत होता. मी थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर ते समाधान होतं. मी ती ओळ सोडली आणि आभाराची शेवटची ओळ वाचली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "संपलं?"

"संपलं."

"म्हणजे छाती ठीक आहे."

मी मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, तरी हलवली.

मी स्वतःला सांगितलं की पप्पांना रविवारी एकट्याला गाठून सांगेन. दुसऱ्या दिवशी पत्र फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना भरलेला होता. त्यांनी पत्रावरून नजर फिरवली, गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "तू वाचलंस ना? मग घरी सांग नीट, तुला इंग्रजी येतंय." रविवारी पाहुणे होते. पुढच्या रविवारी पप्पांना ओव्हरटाइम होता. त्यापुढचे रविवार मला आठवत नाहीत. खरं सांगायचं तर पप्पांनीही विचारलं नाही. त्या घरात मला वाचायला सांगत, पण वाचलेल्याबद्दल तुला काय वाटतं असं कधी कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची सवय मी लावून घेतली नव्हती. हे मी स्वतःचा बचाव म्हणून लिहीत नाही. अशा घरात गप्प बसणं किती सोपं असतं तेवढं सांगते आहे.

आजोबा वाचलेलं सगळं पाळत होते. काठावर बसून मग उठायचे. चक्कर कमी झाली. कॅलेंडरवर शहाण्णव येत राहिलं. मला वाटू लागलं, कामाचं तेवढं मी सांगितलं आहे.

मार्चमधल्या एका सकाळी ते गच्चीवरून आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ऊन अजून चढलं नव्हतं. त्यांचा चेहरा ओल्या खडूसारखा दिसत होता. मळमळतंय म्हणाले आणि खुर्चीत बसले. आत्या त्या आठवड्यात आमच्याकडे होती. तिने क्षणात साखरपाणी ढवळलं. आई म्हणाली, काल वालाची उसळ खाल्ली, पित्त झालं असेल. मी ऑफिसला निघाले होते, पर्स खांद्याला लावून दारात उभी होते.

ती इंग्रजी ओळ माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी आली. घाम. मळमळ. दुखत नसलं तरी.

आजोबांनी बोटं मनगटावर ठेवली, घड्याळाकडे बघितलं, ओठ हलवले. "अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. "चालू आहे बरोबर."

मी म्हटलं, "हॉस्पिटलात नेऊ या का?" ते मी इतकं हळू म्हटलं की आईला ऐकू गेलं नाही. आत्याला गेलं.

"कशाला? दुखतंय का त्यांना कुठे?" आत्या म्हणाली. मग आजोबांना विचारलं, "बाबा, दुखतंय का हो?"

"नाही गं. जरासुद्धा नाही."

"ऐकलंस? जा तू, तुला उशीर होतोय."

आजोबांनी माझ्याकडे बघून हात हलवला. "जा बाळा. वेळेवर पोच."

आणि मी गेले. साडेनऊला मी माझ्या टाइपरायटरपुढे बसले होते. एक कोटेशन टाइप करून दिलं. त्यात एकही चूक नव्हती.

एक वाजता ऑफिसात फोन आला. बारापर्यंत त्यांना धाप लागली तेव्हा डोंबिवलीतल्या डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी कार्डिओग्राम काढला आणि सांगितलं की झटका सकाळीच येऊन गेला आहे, ठाण्याला हलवा. मी ऑफिसातून चालत त्याच हृदयाच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलपाशी जाऊन फाटकात उभी राहिले. गाडी शीळफाट्यावर ट्रकांच्या रांगेत पाऊण तास अडकली होती, हे मला नंतर कळलं. आली तेव्हा मागच्या सीटवर आत्या आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि पप्पा उतरून आत पळाले. त्यांना पळायची गरज उरली नव्हती.

तेच तरुण डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मला ओळखलं. इंग्रजीत म्हणाले, मी पत्रात लिहिलं होतं, तुम्ही घरी सांगितलं नाही का? मी "येस" म्हटलं. येस म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही. पप्पा शेजारी उभे होते.

"काय म्हणाले?" पप्पांनी विचारलं.

"उशीर झाला म्हणाले," मी सांगितलं.

पप्पांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "गाडीत बोलत होते गं. शेवटपर्यंत सांगत होते, दुखत नाही, घाबरू नका." हेच पप्पांनी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, आणि त्यातून ते 'नशीबवान' तयार झालं. दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडर बघितलं. त्या सकाळच्या चौकोनात आजोबांनी अठ्ठ्याण्णव लिहिलं होतं, मी गेल्यावर, नेहमीच्याच अक्षरात. त्याच्यावर दूध दीड लिटर.

पुण्यानुमोदनाला गच्चीवर माणसं भरली होती. फोटोपुढे मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या आणि आई त्या परत लावत होती. आजोबांच्या कारखान्यातले एक जुने सहकारी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, या माणसाने आयुष्यभर वेळ पाळली, मरतानासुद्धा कुणाला त्रास दिला नाही, स्वतःलाही नाही. लोकांनी माना हलवल्या. मग आत्या उभी राहिली. तिला नीट बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "शेवटचं साखरपाणी माझ्या हातचं प्यायले. मला तेवढं तरी करता आलं." इतकी वर्षं तिने मला टोमणे मारले, तरी त्या क्षणी मला तिच्याकडे बघवेना. तिला त्या साखरपाण्यावर उरलेलं आयुष्य काढायचं होतं, आणि मी बोलले तर ते तिच्याकडून जाणार होतं. नाही बोलले तर उद्या त्या महिला मंडळातल्या कुणाच्या घरी म्हातारा घामेजून बसेल, कुणी विचारेल दुखतंय का, तो म्हणेल नाही, आणि लोक म्हणतील, आपल्या त्या टाइमकीपरसारखं यांनाही दुखत नाही, बरं आहे.

माझं नाव पुकारलं. मंडपाच्या मागे जमखाने गुंडाळून ठेवले होते. मी ते बघितले. आत्याने डोळे पुसत मला कोपराने पुढे ढकललं आणि पुटपुटली, "दोन चांगले शब्द बोल, बस."

माइक माझ्या उंचीपेक्षा वर होता. कुणीतरी येऊन खाली केला. समोर पहिल्या रांगेत पप्पा होते. मी आजोबांसारखे डोळे मिटले आणि त्या कागदाची शेवटून दुसरी ओळ आधी इंग्रजीत म्हटली, सबंध, एकही शब्द न गाळता. लोक एकमेकांकडे बघू लागले असावेत. मग मी मराठीत म्हटलं:

"हे ठाण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. साखरेने आजोबांच्या नसा मेल्या होत्या, म्हणून त्यांना दुखलं नाही. नशिबाने नाही. तुमच्या घरात कुणाला बरीच वर्षं साखर असेल आणि एकदम घाम फुटला, मळमळलं, तर दुखतंय का म्हणून विचारत बसू नका, हॉस्पिटलात न्या. हे पत्र आजोबांनी मला वाचायला सांगितलं होतं. मी ही ओळ गाळली. आत्याची चूक नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी ऑफिसला गेले."